कंबर धरली की आधी एमआरआय? एका सल्ल्याला सविस्तर उत्तर

नौपाड्यातील फॅमिली डॉक्टर:
'घोडबंदरकर' यांनी काल येथे असा सल्ला दिला की, कंबरदुखीसाठी फॅमिली डॉक्टरकडे जाणे म्हणजे इंजेक्शन घेऊन आठ दिवस वाया घालवणे होय, त्यापेक्षा सरळ एमआरआय काढून सर्जनला गाठावे. उत्तर लिहायचे नाही असे ठरवले होते. पण आज सकाळी मानपाड्याहून 34 वर्षांचे एक गृहस्थ आले आणि माझा निश्चय मोडला. त्यांच्या रिपोर्टवर 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली गादी फुगणे) या शब्दांभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल केला होता आणि तो वाचल्यापासून त्यांनी स्वतःच्या दोन वर्षांच्या मुलीला उचललेले नव्हते. मी त्यांचे पाय एकेक करून सरळ वर उचलून पाहिले, पायाचे अंगठे वर ओढायला लावले, गुडघ्यावर हातोडी मारली. कुठेही काही वावगे आढळले नाही. कंबर कधीच न दुखलेल्या लोकांच्या मणक्याच्या स्कॅन-चित्रांचा 2015 साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा पन्नाशीतल्या सुमारे 60 टक्के लोकांत अशीच फुगलेली गादी दिसली होती. केस पांढरे झाले म्हणून आपण सर्जनकडे जातो काय?

घोडबंदरकर:
डॉक्टरसाहेब, उपमा छान आहे. माझ्या वडिलांची कंबर दुखू लागली तेव्हा आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनीही 'उसण भरली आहे, वयोमानाने होते' असेच सांगितले होते. तीन महिन्यांत सात इंजेक्शने झाली. रोज संध्याकाळी कणकण असायची आणि पँटचा पट्टा दोन भोके आत गेला होता, तरी त्यांना एकदाही वजनकाट्यावर उभे केले गेले नाही. शेवटी मीच हट्टाने एमआरआय काढून घेतला आणि मणक्याचा क्षयरोग निघाला. अशा माणसाने 'गरज नसताना चित्र काढू नका' हे प्रवचन कोणत्या तोंडाने ऐकावे?

नौपाड्यातील फॅमिली डॉक्टर:
आपल्या वडिलांच्या बाबतीत जे घडले त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र चूक एमआरआय न काढण्याच्या कितीतरी आधी झाली होती. ताप, घटणारे वजन, रात्री झोपमोड करणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, पायातली ताकद जाणे हे पहिल्याच भेटीत विचारायचे असते. आणि लघवी अडली किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचे असते. हे विचारायला दोन मिनिटे लागतात.

घोडबंदरकर:
ती दोन मिनिटे कुठे मिळतात तेवढे सांगा. बाहेर बाकावर 40 माणसे असतात.

तुर्भ्याचा मुलगा:
'आराम करू नका, नेहमीची कामे चालू ठेवा' हेही आजकाल फार ऐकू येते. माझे वडील बाजारात माथाडी होते. त्यांचे नेहमीचे काम म्हणजे पाठीवर 50 किलोची गोण. घरी बसले तर मजुरी नाही आणि गेले तर कंबर नाही, अशा माणसाला काय सांगायचे, ते कोणत्याच डॉक्टरांनी आम्हाला सांगितले नाही.

ऐरोलीची फिजिओथेरपिस्ट:
हा मुद्दा रास्त आहे. 1995 सालच्या फिनलंडच्या ज्या अभ्यासात अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा हिंडतेफिरते लोक लवकर बरे झाले, तो नोकरदारांवर, तेही झेपेल तेवढीच कामे करण्याबाबत झाला होता. गोण उचलणाऱ्याला काही दिवस हलके काम देण्याची चिठ्ठी गोळीपेक्षा उपयोगी ठरते, पण ती मानणारा मुकादम हवा. पट्टा बांधणे आणि वजन लावून ताणणे हे उपाय मात्र जुनाट दुखण्यात नेहमी वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 साली सांगितले आहे. गादी काढून फळीवर झोपण्याची प्रथासुद्धा आता सोडायला हरकत नाही.

वाशीच्या काकू:
फळीला हात लावू नका. मणक्यातली एक गादी सरकली म्हणून मी अंगाखालची दुसरी सोडली, त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून कंबर एकदाही धरली नाही.

ऐरोलीची फिजिओथेरपिस्ट:
काकू, 2003 साली स्पेनमध्ये 313 लोकांना दोन प्रकारच्या गाद्यांवर झोपवून पाहिले, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम गादीवाल्यांना अधिक आराम पडला.

वाशीच्या काकू:
त्यातले किती जण फळीवर झोपले होते? एकही नाही ना? मग माझी अकरा वर्षे तुमच्या स्पेनपुढे कमी कशी भरतात? आमच्याकडे कापूस पिंजून भरलेली गादी वर्षभरात मधोमध खड्डा धरते, तीत झोपून पाहा आणि मग मला प्रथा शिकवा.

ऐरोलीची फिजिओथेरपिस्ट:
मी आपला अपमान केलेला नाही. फळीखेरीज डॉक्टरांनी आणखी काही सांगितले होते का, एवढेच विचारते.

वाशीच्या काकू:
रोज सकाळी सागर विहारला तीन फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. अजून मारते. आता श्रेय फेऱ्यांना द्यायचे असेल तर द्या. फळी काही तक्रार करणार नाही.

घोडबंदरकर:
गाद्यांचे झाले असेल तर माझा प्रश्न शिल्लक आहे. चित्र नको, पट्टा नको, मग डॉक्टर नेमके देतात काय?

नौपाड्यातील फॅमिली डॉक्टर:
ऑस्ट्रेलियात 2014 साली नव्याने कंबर धरलेल्यांना पॅरासिटामॉल देऊन पाहिले; गोळी घेणारे साधारण 17 दिवसांत बरे झाले आणि औषधच नसलेली गोळी घेणारे 16 दिवसांत. म्हणजे बहुतेकांना द्यायचा असतो तो धीर, हालचालीचा सल्ला आणि परत येण्याची तारीख. सहा आठवड्यांत उतार पडला नाही, तर पुन्हा सगळे तपासायचे. हे ठाऊक असूनही 'एक इंजेक्शन द्याच' म्हणणाऱ्या रुग्णाशी वाद घालण्यापेक्षा मी अनेकदा सिरिंज उचलली आहे, आणि परत यायची तारीख तर क्वचितच लिहून दिली आहे. आपल्या टोमण्यातला तेवढा भाग मला लागू पडतो.

घोडबंदरकर:
कबूल केलेत, हेही नसे थोडके. माझीच कंबर परवापासून धरली आहे. ताप नाही, पट्टाही जुन्याच भोकात बसतो. शनिवारी येतो, एमआरआय न काढता. पण दवाखान्यात वजनकाटा दिसला नाही, तर दारातूनच परत फिरेन.