नववीतला मुलगा तोंडी उत्तरं देतो, लिहिताना अडकतो: दहावीआधी काय करावं?

वर्गशिक्षक, लांजा तालुका
मराठी माध्यम, नववी. तोंडी विचारलं की हा मुलगा विज्ञान, भूगोल नीट सांगतो. लिहायला दिलं की अर्धा पेपर कोरा. जोडाक्षरं, रफार हमखास चुकतात, काना-मात्रा गळतात, फळ्यावरून उतरवताना ओळी सुटतात. पालक तपासणीला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी? आणि अध्ययन अक्षमतेचा (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात अडचण असल्याचा) दाखला हातात येईपर्यंत वर्गात काय करता येईल?

विशेष शिक्षक, रत्नागिरी
सर, आधी डोळे आणि कान तपासून घ्या. चष्म्याचा नंबर किंवा कमी ऐकू येणं राहून गेलेलं असतं आणि मूल अभ्यासात कच्चं ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, पण त्याची वाट पाहू नका, जिल्हा रुग्णालयात पाठवा.

त्याच वेळी गट साधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रात, समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे नाव नोंदवा. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत बुद्ध्यंक चाचणी असते, शिवाय वाचन, लेखन आणि गणिताच्या वेगळ्या चाचण्या. एका फेरीत हे सहसा उरकत नाही, हे पालकांना आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या खेपेला कोणी येत नाही. सोबत गेल्या दोन वर्षांच्या वह्या, चाचणीचे पेपर आणि तुमचं लेखी निरीक्षण द्या. ‘अभ्यासात मागे’ एवढंच लिहू नका. ‘दहा ओळी वाचायला किती मिनिटं, त्यात किती चुका’ असं लिहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. युडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा.

दाखल्यावरची मुदत नीट बघा. परीक्षेआधी संपणार असेल तर फेरतपासणी आत्ताच मागा. परीक्षेतल्या सवलतीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे जातो. तो दहावीचे फॉर्म भरतानाच पाठवायचा, हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

मराठी-विज्ञान शिक्षिका, देवगड
वर्गातलं आजपासून सुरू करा, त्याला दाखला लागत नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नका, टिपणाची झेरॉक्स द्या. अक्षर मोठं, ओळींत मोकळं अंतर. वाचताना ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरू द्या. विज्ञानात ‘प्रकाशसंश्लेषण’ चुकीचं लिहिलं तरी कल्पना बरोबर असेल तर गुण द्या, शुद्धलेखन भाषेच्या तासाला बघू. घटक चाचणीतले काही प्रश्न तोंडी घ्या आणि त्याची नोंद ठेवा, प्रस्तावाला तीच उपयोगी पडते. सर्वांसमोर मोठ्याने वाचायला मात्र उठवू नका. त्याने वाचन सुधारत नाही, मूल शाळा चुकवू लागतं.

वर्गशिक्षक, लांजा तालुका
लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहिणारा) आणि जादा वेळ दोन्ही मागावं का? गणितातून सूट घ्यावी असंही कोणी सुचवतंय.

विशेष शिक्षक, रत्नागिरी
जादा वेळ नक्की मागा. तासाला २० मिनिटं, म्हणजे भाषेच्या तीन तासांच्या पेपरला एक तास, बीजगणित-भूमितीच्या दोन तासांना ४० मिनिटं. गणितातून सूट घेण्याची घाई नको. अकरावी विज्ञान आणि पॉलिटेक्निकची वाट त्याने अवघड होते, हे मुलाला आणि पालकांना समजावूनच ठरवा.

लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून आत्ताच्या आठवीतला मुलगा हेरून ठेवा, एक राखीवही. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. पूर्ण वाक्य सांगणं, ‘इथे नवा परिच्छेद’ म्हणणं, लिहिलेलं परत वाचून घेणं, सगळं शिकवावं लागतं. सहामाहीपासून प्रत्येक चाचणी याच जोडीने द्या. भूमितीची रचना मुलाने स्वतः काढण्याची सवय करा. शब्दांत सांगून दुसऱ्याकडून कंस काढून घेण्यात वेळ फुकट जातो. आणि खोली वेगळीच हवी, दोघांना मोकळेपणी बोलता आलं पाहिजे.

मराठी-विज्ञान शिक्षिका, देवगड
एक राहिलं. पेपर तासाभराने लांबला की वाडीवर जाणारी एसटी निघून जाते, आणि मग मूल शेवटचा तास न वापरताच उठतं. मुलाच्या आणि लेखनिकाच्याही परतीची सोय पालकांशी बोलून परीक्षेआधीच ठरवा.