नवस बोलला, मग फेडला कसा? झाडापाशी बोललेल्या नवसांचे अनुभव

नवस देवळात बोलला जातो, तसाच वडापिंपळाच्या पारावरही बोलला जातो. बोलल्याच्या आठवणी सगळेच सांगतात. तो फेडताना काय घडले, बांधलेल्या दोऱ्याचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी लिहीत नाही. कृपया तेच लिहावे. नवस खरा की खोटा, हा वाद येथे अपेक्षित नाही.

कोल्हापूरहून :
कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नृसिंहवाडीला, औदुंबराखाली दत्तपादुका आहेत. काकांना नोकरी लागावी म्हणून आजीने तेथे एकशे आठ प्रदक्षिणांचा नवस बोलला होता. फेडताना मोजदाद चुकू नये म्हणून ती प्रत्येक फेरीला माझ्यापुढच्या वाटीत एक शेंगदाणा टाकत असे. धाकटा भाऊ मधूनच एखादा तोंडात टाकी, त्यामुळे दत्तगुरूंना ठरल्यापेक्षा जास्तच प्रदक्षिणा पोहोचल्या असाव्यात.

जळगाव जिल्ह्यातून :
आमच्या शिवारातल्या एका जुन्या वडाला लहान लाकडी पाळणे टांगलेले असतात. लग्नानंतर तीन वर्षे मूल नव्हते, तेव्हा सासूबाईंनी माझ्या नावाने, मला न विचारता, तेथे पाळणा बांधला आणि मुलगा झाला तर त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन असे बोलून आल्या. मुलगी झाली. घरात ठरले की नवस मुलाचा होता, तेव्हा फेडायचे काही कारण नाही. मला ते पटले नाही. तिला घेऊन मी गावातल्या किराणा दुकानात गेले, तराजूच्या एका पारड्यात तिला बसवले, दुसऱ्यात गुळाचे खडे चढवले आणि तो गूळ पारावर वाटला. सासूबाई आल्या नाहीत. पण पाळणा सोडायला वर हात पुरेना, तेव्हा शिडी त्यांनीच पाठवली.

आळंदीहून :
समाधिमंदिरातील अजानवृक्षाखाली बसून ज्ञानेश्वरी वाचण्याचा माझा संकल्प होता. या झाडाची मुळी माउलींच्या कंठाला लागली आणि ती काढण्यासाठी त्यांनी एकनाथांना स्वप्नात बोलावले, ही कथा तेथे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. संकल्पामागे मागणेही होते, परंतु सातव्या-आठव्या अध्यायापर्यंत ते मागे पडले होते. यापेक्षा अधिक सांगण्यासारखे नाही.

पुण्याहून :
मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे वटपौर्णिमा उलटली की आमच्या वसाहतीतील तरुण वडाकडे माझे लक्ष असते. सुती दोरा पावसात कुजून गळतो. नायलॉनचा तसाच राहतो, खोड जाड होत गेले की सालीत रुततो आणि पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरण्याची वाट अडवतो. म्हणून मी हे दोरे कात्रीने कापून काढते. एखादीचा नवस अजून अपुरा असेल, तेव्हा कापलेले दोरे कचऱ्यात न टाकता बुंध्याशीच पुरावेत, असा काही जणींचा आग्रह असतो. नायलॉन मातीत कुजत नाही, म्हणून माझी त्याला हरकत आहे. हा वाद आमच्याकडे दर ज्येष्ठात होतो.