आरटीईतून प्रवेश, तरी शाळा फी मागतेय. भरू का?

चाकणकर
मी टेम्पो चालवतो. गेल्या वर्षी मुलीचा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) सोडतीत खासगी शाळेत पहिलीला नंबर लागला. यंदा दुसरीत गेली आणि डायरीत चिठ्ठी आली, ‘शासनाकडून प्रतिपूर्ती न मिळाल्याने पालकांनी रु. २५,००० भरावेत. रक्कम आल्यावर परत करू.’ ऑफिसात गेलो तर म्हणाले, नाही भरले तर दाखला घेऊन जा. वर्गातही फी राहिलेल्यांची नावं वाचतात, त्यात तिचं असतं. घरी येऊन गप्प बसते. उसने काढून भरून टाकू का?

निवृत्त लिपिक
भाऊ, एक रुपयाही भरू नका आणि ती चिठ्ठी जपून ठेवा. माझी सगळी नोकरी शाळेच्या कार्यालयात गेली, म्हणून सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खासगी शाळेत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांवरच्या मुलांचं शिक्षण आठवीपर्यंत मोफत आहे. या मुलांच्या फीची भरपाई, म्हणजे प्रतिपूर्ती, शासनाने शाळेला कधी द्यायची, हा त्या दोघांचा व्यवहार. त्यात तुमची मुलगी येतच नाही. कलम १६ प्रमाणे तिला शाळेतून काढताही येत नाही, त्यामुळे दाखल्याच्या अर्जावर सही करू नका.

आणि हिशेब बघा. आपल्याकडे प्रतिपूर्ती मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये, शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच. मग २५,००० परत कुठून करणार?

गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा, सोबत चिठ्ठीची झेरॉक्स. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय पंचायत समितीतून निघू नका. आवक क्रमांक नसलेला कागद कुणी शोधतही नाही. एक प्रत जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या.

संस्थाचालक, जालना जिल्हा
पालकांकडून मागणं चूकच, मी कधी मागितले नाहीत. पण आमचंही ऐका. तालुक्याच्या गावात लहान शाळा आहे, फी बेताची. प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते, आली तरी तुकड्यातुकड्याने. शिक्षकांचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. लोकांना वाटतं, सरकार खासगी शाळांना पैसे वाटतंय!

निवृत्त लिपिक
साहेब, तुमची थकबाकी मिळालीच पाहिजे, त्यासाठी संघटनेने भांडावं, आम्हीही बरोबर येऊ. पण शासनाने त्यावर काय केलं? ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट! देणं चुकवायला मुलांचं दारच बंद केलं. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, म्हणून आज या मुली वर्गात आहेत.

चाकणकर
सोमवारी गाडी बंद ठेवून अर्ज देतो. वर्गात नाव वाचतात, तेही अर्जात लिहू का?

निवृत्त लिपिक
लिहा. पहिल्याच परिच्छेदात, तारखेसकट.