आई-बाबांना ब्रॉडवे दाखवायचंय: तिकीट, जिने आणि भाषा

विषय: आई-बाबांना घेऊन ब्रॉडवे, सल्ला हवाय
मॉरिसव्हिलहून

नमस्कार मंडळी,

आई-बाबा डोंबिवलीहून इकडे नॉर्थ कॅरोलायनाला आलेत. पुढच्या महिन्यात न्यू जर्सीत एडिसनला मामेभावाकडे जातोय, तेव्हा एक शनिवार न्यूयॉर्कसाठी ठेवलाय. बाबांना काहीही चालेल. आईचं मात्र आल्यापासून एकच चाललंय, "तिकडचं नाटक दाखव." म्हणजे ब्रॉडवेचं, न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांतलं.

आई पोस्टात होती. नोकरी, घर सांभाळून तिने राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं कामं केली. आजही फुले कलामंदिरात प्रयोग असला की तिसऱ्या घंटेच्या अर्धा तास आधी ती खुर्चीत असते. म्हणून हे नीट जमावं असं फार वाटतंय.

अडचणी दोन. एक, तिला इंग्रजी वाचता येतं, पण इथलं भरभर बोलणं कानात शिरत नाही. दुसरी, उजवा गुडघा. दहा-बारा पायऱ्यांच्या वर जमत नाही. कुठलं नाटक, कुठे बसवू, तिकिटं कुठून काढू? ज्यांनी आपल्या घरच्यांना नेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

विषय: उत्तर: आई-बाबांना घेऊन ब्रॉडवे
एपेक्सहून

ताई, आमचा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना नेलं होतं. नाटक गाजलेलं होतं, पण सगळा खेळ संवादांचा. पहिल्या वीस मिनिटांत सासऱ्यांचा धागा सुटला आणि मध्यंतरानंतर ते झोपले. सासूबाई आमच्याकडे बघून हसायच्या, म्हणजे त्यांनाही काही कळत नव्हतं. वर तिकिटं मी गडबडीत कुठल्यातरी मधल्या साइटवरून काढली होती. थिएटरच्या खिडकीवर त्याच रांगेचा भाव निम्मा होता. तो दिवस मला अजून टोचतो.

माझं मत, संध्याकाळी टाइम्स स्क्वेअरला लाल पायऱ्यांवर निवांत बसवा, दिवे बघू द्या, आणि परत या. कार्टूनचे पोशाख घातलेली माणसं जवळ येतात, त्यांच्याबरोबर फोटो काढला की ते पैसे मागतात, तेवढं आधी सांगून ठेवा.

विषय: उत्तर: उत्तर: आई-बाबांना घेऊन ब्रॉडवे
कॅरीहून

अगं, आईंना नाटकच दाखव. वरच्या मेलमधला त्रास खरा आहे, पण चुकली ती नाटकाची निवड. राज्य नाट्य स्पर्धेत उभी राहिलेली बाई तिथवर जाऊन नुसते जाहिरातींचे दिवे बघून परत येणार, हे मला पटत नाही.

मी न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे जर्सी सिटीत अकरा वर्षं काढली. शनिवार मोकळा मिळाला की पाथ ट्रेनने न्यूयॉर्कच्या ३३व्या रस्त्याला उतरून चालत नाटकांच्या भागात जायचो. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याची एक गफलत होते. ब्रॉडवे हा एक रस्ता आहे आणि नाटकं त्या रस्त्यावर असतील असं आपण धरून चालतो. ब्रॉडवेची म्हणून ४१ थिएटरं मोजतात, पण खुद्द त्या रस्त्यावर दार असलेली अगदी थोडी. एक लिंकन सेंटरला आहे, ते सोडलं तर बाकीची ४१व्या ते ५४व्या रस्त्यांच्या आडव्या गल्ल्यांत. ५०० किंवा त्याहून जास्त खुर्च्या असतील तर ब्रॉडवे, १०० ते ४९९ असतील तर ऑफ-ब्रॉडवे, असा हिशेब. लोक टाइम्स स्क्वेअरच्या चौकात माना वर करून जाहिरातींचे पडदे बघत राहतात आणि शंभर वर्षांची रंगमंदिरं कोपऱ्यापलीकडे उभी असतात.

नाटक 'द लायन किंग' बघा. लहान मुलांचं म्हणून सोडू नका. १९९७ साली ते ४२व्या रस्त्यावरच्या न्यू ॲमस्टरडॅममध्ये सुरू झालं आणि २००६ पासून ४५व्या रस्त्यावर मिन्स्कॉफमध्ये आहे. दिग्दर्शिका ज्युली टेमोर. १९९८ साली संगीतिकेच्या दिग्दर्शनाचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं सगळ्यात मोठं पारितोषिक, पहिल्यांदा एका बाईला मिळालं, ते यांना. गोष्ट कुणालाही कळेल अशी आहे, आणि अर्ध्याहून जास्त काम शरीरं, मुखवटे आणि तालवाद्यं करतात. संगीत नाटक आपल्याकडे १८८० पासून आहे. गाण्यातून पुढे सरकणारी गोष्ट आईंना नवी नाही. आदल्या रात्री कथानक मराठीत नीट सांगून ठेव, म्हणजे प्रयोग चालू असताना कानात कुजबुजावं लागणार नाही. शेजारच्यांना त्याचा फार त्रास होतो.

खाली ऑर्केस्ट्रामध्ये, म्हणजे रंगमंचासमोरच्या खालच्या खुर्च्यांत, आणि शक्यतो मधल्या वाटेलगतची जागा घे. का, ते सांगत नाही. मिन्स्कॉफ १९७३ चं, एका उंच इमारतीत आहे, त्यामुळे सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. जुन्या थिएटरांत बहुतेक ठिकाणी लिफ्टच नाही, बाल्कनीचे जिने उभे असतात. गुडघा दुखणाऱ्याला तिथे वरचं स्वस्त तिकीट चुकूनही काढू नये.

तिकीट नाटकाच्या अधिकृत साइटवरून काढ, किंवा भावाला थिएटरच्या खिडकीवर जायला सांग. ऑनलाइनवर लागणारी जादा फी तिथे वाचते. ४७व्या रस्त्यावर लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसची खिडकी आहे. १९७३ पासून तिथे त्याच दिवसाची तिकिटं सवलतीत मिळतात, कधी अर्ध्या किमतीतसुद्धा. मी स्वतः कितीतरी नाटकं तिथूनच बघितली. पण तिथे रांगेत उभं राहावं लागतं आणि हवं तेच नाटक बोर्डावर असेल याची खात्री नाही. आईंचा गुडघा आणि एकच दिवस हातात, तेव्हा तुझ्यासाठी हा मार्ग नाही.

आणखी एक. ४५व्याच रस्त्याने चौक ओलांडून पूर्वेला गेलीस की लायसियम थिएटर लागेल, १९०३ सालचं. तेव्हा या चौकाला लाँगएकर स्क्वेअर म्हणत, टाइम्स स्क्वेअर हे नाव १९०४ चं. लायसियमचे मालक डॅनियल फ्रोमन थिएटरच्या माथ्यावर राहायचे आणि त्यांच्या घरातून खाली रंगमंच दिसेल असं एक छोटं दार होतं. बायको नटी. ती जास्तच रंगवून अभिनय करायला लागली की ते वरून पांढरा रुमाल हलवायचे, अशी आख्यायिका आहे. आत जाता नाही आलं तरी समोर उभं करून आईंना हे सांग.

हे सगळं मी एवढ्या आग्रहाने लिहितोय कारण १९८२ साली याच भागात एका हॉटेलसाठी पाच जुनी थिएटरं पाडली गेली. नटमंडळी रस्त्यावर उतरली, तरी थिएटरं वाचली नाहीत. जी उभी आहेत ती लोक आत जाऊन बसतात म्हणून आहेत.

विषय: उत्तर: आई-बाबांना घेऊन ब्रॉडवे
कॅरीहून, दुसरी

काकांनी सगळं लिहिलंच आहे, म्हणून दोनच ओळी. आत एसी कडक असतो, काकूंसाठी शाल न्या. आणि मध्यंतर साधारण पंधरा मिनिटांचं, बायकांच्या स्वच्छतागृहापुढे लांबलचक रांग. सुरू व्हायच्या आधीच जाऊन या. एडिसनहून ट्रेनने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथून सबवेने, म्हणजे भुयारी रेल्वेने, टाइम्स स्क्वेअर एकच एक्स्प्रेस स्टेशन. दोन्हीकडे लिफ्ट आहे, फक्त त्या दिवशी चालू आहे ना ते बघून घ्या.

विषय: उत्तर: आई-बाबांना घेऊन ब्रॉडवे (जाऊन आलो!)
मॉरिसव्हिलहून

काका, कसं सांगू!

आम्ही वाटेलगत बसलो होतो. सुरुवातीलाच मागून एक आवाज चढला आणि आईने वळून बघितलं, तर हत्ती. आमच्या खुर्चीला घासून हत्ती रंगमंचाकडे चाललेला. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. चार पाय म्हणजे चार माणसं, आणि ती दिसतात. "लपवलंच नाहीये गं," ती मला म्हणाली. मग जिराफ आले, काठ्यांवर तोललेली माणसं. आई मूळची कुडाळची, लहानपणी दशावतार बघत वाढलेली. मध्यंतरात म्हणाली, "आपल्या गणपतीच्या सोंगात खालचा माणूस सगळ्यांना ठाऊक असतो, तरी लोक हात जोडतातच ना. तसंच आहे हे."

दुष्काळाच्या प्रवेशात पाणवठा म्हणून निळं रेशमी कापड पसरलेलं असतं. ते मधल्या एका भोकातून हळूहळू खाली ओढून घेतात. तळं आटतं. पुढे सिंहिणी रडतात तेव्हा डोळ्यांतून पांढऱ्या फिती ओढून काढतात. आई पुटपुटली, "एवढंच? एवढ्याशा कापडात?" आणि तिचेच डोळे भरून आले. संवाद किती कळले मी विचारलं नाही. बाबा दोन्ही बाजूंच्या बॉक्समध्ये बसलेल्या तालवादकांकडेच बघत होते. ते तरुणपणी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, त्यांची बोटं गुडघ्यावर चालू होती.

एपेक्सच्या दादांचेही आभार. मधल्या साइटचं तुम्ही लिहिलंत म्हणून मी थांबले, नाहीतर माझंही तेच झालं असतं.

प्रयोगानंतर लायसियमसमोर गेलो. रुमालाची गोष्ट ऐकून आई बराच वेळ वर बघत उभी होती. मग म्हणाली, "आमच्या दिग्दर्शकांनी विंगेतून नुसता हात खाली केला तरी मला कळायचं." त्यांच्याबद्दल ती आजवर घरी कधी बोलली नव्हती. परतीच्या गाडीत एडिसन येईपर्यंत त्यांच्याबद्दलच बोलत होती.

दारात फुकट मिळणारं प्लेबिल, म्हणजे नाटकाची माहितीपुस्तिका, आईने तिघांचंही जपून आणलंय. एक ग्रुपमधल्या मैत्रिणींना दाखवायला डोंबिवलीला जाणार, एक माझ्याकडे. तिसऱ्यावर तिने "कॅरीच्या काकांना" असं लिहून ठेवलंय. रविवारी घरी असाल तर तिला घेऊनच येते.