पिकअपवरच्या 14 ड्रायव्हरांची टेस्ट घ्यायची, पण नेमकी कशाची?

बियाणेगोदाम_जालना:
9 पिकअप, 14 ड्रायव्हर. परभणी, हिंगोली, नांदेडच्या कृषी सेवा केंद्रांना माल जातो. क्लच प्लेट वर्ष काढत नाही, मागचे फाळके कायम चेपलेले. मालक म्हणतात, सगळ्यांची टेस्ट घ्या अन् ट्रेनिंग द्या. लायसन सगळ्यांकडे आहे. सुरुवात कुठून करावी?

मिस्त्री_परभणी:
झेरॉक्सवर जाऊ नका, लायसनचा नंबर टाकून सारथीवर (सरकारची लायसनची वेबसाइट) मुदत बघा. पिकअपला साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन चालतं. मालासकट एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल तर वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय.

टेस्ट भरल्या गाडीवर घ्या. रिकाम्या पिकअपवर सगळेच हुशार दिसतात. पाऊण तास पुरे: थोडा मोंढा, थोडा हायवे, थोडा खेड्याचा रस्ता. डावीकडे बसा अन् गप्प राहा. पहिली दहा मिनिटं माणूस तुम्हाला दाखवायला चालवतो, ती सोडून द्या. नंतर त्याचा डावा पाय बघा. गिअर बदलून झाल्यावरही पाय क्लचवर टेकलेला असेल, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग दाबलेलं राहतं, प्लेट घसरते, जळते. तुमच्या प्लेटा बहुतेक इथंच जातायत. गोदामाच्या चढावर गाडी हाफ क्लचवर धरतो का हँडब्रेकवर, तेही बघा.

पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवतो तेही बघा. तिने रस्त्याकडेचा एखादा दगड ओलांडला की सेकंद मोजायचे. आपण तिथं 3 सेकंदांच्या आत पोचलो तर अंतर कमी. पावसात, किंवा गाडी भरलेली असेल तर 5.

गोदाकाठ:
फाळके रिव्हर्समध्ये चेपतात, रस्त्यावर नाही. हमाल गाडीच्या बरोबर मागं उभा राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडतो; इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, अन् आरशात तो दिसतही नाही. त्याला मागच्या उजव्या कोपऱ्याबाहेर, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा उभा करा. हातवारे तीनच: ये, हळू, थांब. हमाल आरशातून गेला की ब्रेक, विचारायचं नाही. नवीन दुकान असेल तर आधी खाली उतरून मागं बघून यायचं. एक दुपार दोन ड्रम मांडून सराव घ्या अन् त्याला हमालांनाही बसवा.

बियाणेगोदाम_जालना:
हे उद्याच करतो. मालकांना मायलेजवर बक्षीस ठेवायचंय. चालेल का?

मिस्त्री_परभणी:
नुसत्या मायलेजवर नको. दुसऱ्या आठवड्यात उतारावर न्यूट्रल सुरू होईल. गंमत म्हणजे त्यात डिझेलही वाचत नाही. कॉमन रेल इंजिनात (आताच्या कॉम्प्युटरवाल्या डिझेल इंजिनात) गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की डिझेलचा फवारा बंद होतो. न्यूट्रलला मात्र आयडलपुरतं डिझेल जळतंच. इंजिनाचा ब्रेक जातो, उतारभर पायाचाच ब्रेक तापतो. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग दोन-तीन दाबांत ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो अन् पॅडल दगड होतं.

मायलेज मोजायचंच तर फुल-टू-फुल (टाकी फुल करून निघायचं, पुन्हा फुल करताना किती डिझेल लागलं ते बघायचं), त्याच पंपावर, भरलेली अन् रिकामी फेरी वेगळी लिहून. उन्हाळ्यात टायरची हवा कमी करायची खोडही मोडा. कमी हवेने टायरची बाजू जास्त वाकते अन् जास्तच तापते. हवा सकाळी, थंड टायरमध्ये, कंपनीच्या आकड्याइतकी.

पहाटफेरी:
ड्रायव्हरांच्या आधी फेऱ्यांचा कागद तपासा. जालना–नांदेड एका बाजूने दोनशे किलोमीटरच्या वर. जाऊन येऊन ताशी 45 ची सरासरी धरली तरी 9 तास नुसतं स्टेअरिंग, वर माल उतरवणं वेगळं. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे 8 तास अन् सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. तेवढी तरी पट्टी लावा: नांदेडला मुक्काम द्या, नाहीतर वाटेत ड्रायव्हर बदला.

गाळपाच्या दिवसांत अंधार पडल्यावरची परतीची फेरी तर बंदच करा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. डिपरवर (खाली पाडलेल्या हेडलाइटवर) तो ढीग दिसला तरी 60 च्या वेगात निव्वळ भानावर यायलाच 17 मीटर जातात, ब्रेक त्यानंतर.

बियाणेगोदाम_जालना:
मुक्कामाचा भत्ता मालकांच्या गळी उतरवणं अवघड आहे.

पहाटफेरी:
वर्षभराच्या क्लच प्लेटा अन् फाळक्यांचं बिल सोबत घेऊन जा.