अमिरातीशी करार: मालाला आणि भांडवलाला दाद मागायची सोय, मजुराला मात्र सामंजस्य पत्र?

पारसिककर (कळवा) – चर्चाप्रस्ताव

भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करारावर 18 फेब्रुवारी 2022 रोजी सह्या झाल्या आणि त्याच वर्षी 1 मेपासून तो लागू झाला. 2024-25 या आर्थिक वर्षात दोन्ही देशांमधील व्यापार 100 अब्ज डॉलरच्या घरात गेला. गुंतवणुकीसाठी स्वतंत्र करार 2024 च्या फेब्रुवारीत झाला आणि 31 ऑगस्टपासून अमलात आला. भारताच्या 2016 च्या नमुना मसुद्यानुसार परदेशी गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागावी अशी अट असते. अमिरातीसाठी ती तीन वर्षांवर आणली गेली. म्हणजे तिथल्या गुंतवणूकदाराचे इथे काही अडले, तर तीन वर्षांनंतर आंतरराष्ट्रीय लवादाचे दार त्याला उघडे आहे.

या दोन देशांना जोडणारा तिसरा दुवा म्हणजे तिथे राबणारी आपली पस्तीस लाखांहून अधिक माणसे. त्यांच्यासाठी काय आहे? 2006 मध्ये झालेले, 2011 मध्ये सुधारलेले आणि 2018 मध्ये नव्याने केलेले मनुष्यबळविषयक सामंजस्य पत्र, म्हणजे मोडले तरी दाद मागायची सोय नसलेला कागद. आर्थिक भागीदारी करारात कामगारांच्या हक्कांना वाहिलेले स्वतंत्र प्रकरण नाही.

मुंब्र्यातील एका फिटरच्या नेमणूकपत्राचा नमुना घेऊन बोलू. एकूण पगार 1,500 दिरहम. त्यात मूळ वेतन 700 आणि उरलेले 800 राहणे, जेवण आणि ‘इतर’ या नावाखाली. तिथल्या कायद्याप्रमाणे नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांचे वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते, पण ते मूळ वेतनावर. हिशेब होतो वर्षाला 490 दिरहम. एकूण पगारावर धरला असता तर 1,050 झाला असता. यात बेकायदा काहीच नाही, आणि दुखणे नेमके तेच आहे. असे प्रश्न करारावर देखरेख करणाऱ्या दोन्ही सरकारांच्या संयुक्त समितीपुढे न्यायचे तर कराराच्या कलमांत कामगार दिसायला हवा, म्हणून पुढच्या फेरआढाव्यात भारताने कामगारविषयक प्रकरणाची मागणी करावी, असे माझे मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

फळबाजार_वाशी

पूर्णपणे असहमत. कामगारांचे प्रश्न व्यापार कराराला बांधण्याची कल्पना मुळात श्रीमंत देशांची असून तिला सर्वांत जोराने विरोध भारतानेच केला आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या 1996 च्या सिंगापूर परिषदेत हा वाद गाजला आणि कामगार मानकांचे काम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे आहे, असे तेथील जाहीरनाम्यात नमूद झाले. आज आपण अमिरातीपुढे हीच मागणी ठेवली, तर उद्या युरोप आपल्या वीटभट्ट्यांवर आणि कापड गिरण्यांवर बोट ठेवील तेव्हा आपण कोणत्या तोंडाने नकार देणार?

दुसरे असे की, तिथे काहीच बदलले नाही असा सूर योग्य नाही. पगार बँकेमार्फतच देण्याची वेतन संरक्षण व्यवस्था 2009 पासून आहे. फेब्रुवारी 2022 पासून लागू असलेल्या कायद्याने मालकाला पासपोर्ट अडकवून ठेवण्यास मनाई केली. 2024 पासून 50,000 दिरहमपर्यंतच्या तंट्यांवर तेथील मनुष्यबळ मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकते. उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरील काम बंद असते. आपल्या तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखाली काम करणाऱ्यांना यातले काय मिळते, हेही एकदा पाहावे.

आमच्या धंद्यापुरते बोलायचे तर हापूसच्या हंगामात आखात हे आमचे भरवशाचे गिऱ्हाईक आहे. भरवशाच्या गिऱ्हाइकाशी उगाच कज्जा मांडू नये.

उरणकर

भरवशाच्या गिऱ्हाइकाचा विषय निघालाच आहे म्हणून कांद्याची आठवण करून देतो. 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद होती. तरीही सरकारी पातळीवर अमिरातीसाठी 14,400 टनांची खास परवानगी निघाली आणि पुढे तिच्यात 10,000 टनांची भर पडली. हा माल राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत जायचा होता. नाशिकचा शेतकरी पडत्या भावाने बोंबलत होता आणि आखातातील चढ्या भावाचा फरक नेमका कोणाच्या खिशात गेला, असे निर्यातदारच विचारत होते. तेव्हा ‘दोन देशांचे संबंध’ म्हटले की त्यात शेतकरी आणि मजूर दोघेही धरलेले नसतात, या मुद्द्यावर मी धागालेखकांशी सहमत आहे. मात्र नवे प्रकरण लिहून काही साधेल असे मला वाटत नाही. ज्यांच्या हाती पेन आहे, ते त्यातूनही वाट काढतील.

सनदी_लेखापाल_बेलापूर

चर्चेत गुंतवणुकीकडे थोड्या संशयाने पाहिले जात आहे, म्हणून लिहितो. न्हावा-शेवा बंदरातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल 2006 मध्ये पी अँड ओ कंपनीच्या खरेदीबरोबर दुबईच्या डीपी वर्ल्डकडे आले. त्याच्या आधाराने गोदामे, कस्टम हाऊस एजंट, ट्रेलरचे मालक आणि शेकडो लहान धंदे या पट्ट्यात उभे राहिले. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एमिरेट्स एनबीडी या दुबईच्या बँकेने आरबीएल बँकेतील 60 टक्के हिस्सा सुमारे 26,850 कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर केला. ही तीच बँक, जी 1943 मध्ये कोल्हापुरात रत्नाकर बँक म्हणून सुरू झाली. (आमच्या वडिलांच्या पिढीला हे पचायला जड जाईल, पण त्याला इलाज नाही.) इतके भांडवल यायचे तर त्याला संरक्षण द्यावेच लागते, आणि लवादाची अट शिथिल करणे ही त्याचीच किंमत होती.

खरी टीका करायची तर ती व्यापाराच्या समतोलावर करावी. 2024-25 मध्ये आपली निर्यात सुमारे 36.6 अब्ज डॉलर आणि आयात 63.4 अब्ज डॉलर होती. अमिरातीचे सर्वसाधारण आयात शुल्क मुळातच पाच टक्के. ते शून्यावर आल्याने आपल्या दागिन्यांना फायदा झाला हे खरे, पण आपण त्यांना ठरावीक कोट्यापर्यंत सोन्यावरील आयात शुल्कात एक टक्क्याची सवलत दिली. त्यातही आणखी कमी शुल्काचा फायदा घ्यायला प्लॅटिनमचे मिश्रधातू म्हणून सोने येऊ लागले, तेव्हा सरकारला निर्बंध घालावे लागले.

पारसिककर

फळबाजार यांचा 1996 चा मुद्दा वजनदार आहे, म्हणून त्यालाच आधी उत्तर देतो. त्या वेळी वाद होता तो आपल्या देशात बनलेल्या मालाचा. आपला कामगार, आपली भूमी, आणि बाहेरचा देश आपला माल अडवू पाहत होता. इथे माणसे आपली आणि भूमी त्यांची आहे. आपल्या नागरिकांच्या थकलेल्या वेतनाविषयी बोलणे म्हणजे संरक्षणवाद नव्हे. शिवाय भारताने ती जुनी भूमिका स्वतःच सैल केली आहे. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात कामगारविषयक प्रकरण आहे. त्याच्या जोडीला, तिथे तात्पुरत्या कामासाठी गेलेल्या भारतीयांना तीन वर्षे तिथला सामाजिक सुरक्षा हप्ता भरावा लागणार नाही, अशी तजवीजही ठरली. संगणक अभियंत्यासाठी आपण इतके भांडलो. मग गवंड्यासाठी का नाही?

फळबाजार_वाशी

ब्रिटनचे उदाहरण अर्धेच सांगितलेत. त्या करारातील कामगारविषयक प्रकरणाला तंटानिवारणाची यंत्रणा लागू नाही. म्हणजे तुम्ही सामंजस्य पत्राला जे नाव ठेवता तेच त्यालाही ठेवावे लागेल. फक्त कागद जाड.

कौसा_लोकल

मी आखातात नोकरी करून परतलेल्यांपैकी आहे. आपण सगळे अबुधाबीच्या सरकारला काय करायला लावायचे यावर बोलत आहात. माझे म्हणणे आपल्या बाजूच्या व्यवस्थेविषयी आहे.

आपला उत्प्रवासन कायदा, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांविषयीचा कायदा, 1983 चा आहे. त्याखाली दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा लागतो आणि आखातासह 18 देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला मंजुरी घ्यावी लागते. त्याचा नोकरीचा करार सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढतो आणि दहा लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा होतो. पण आमच्याकडचा मुलगा दहावी होतो, आयटीआय करतो आणि फिटर म्हणून जातो. तो दहावी झालेला असल्यामुळे यातले त्याला काहीच बंधनकारक नाही. काम तेच, खोलीत माणसे तितकीच, मालकही तोच. एका गुणपत्रिकेमुळे तो सरकारच्या नजरेआड होतो. धागालेखकांनी ज्याचे नेमणूकपत्र मांडले, तो फिटर बहुधा यातलाच असेल.

एजंटाला कायद्याने 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. प्रत्यक्षात काय घेतले जाते ते आमच्या भागात कुणालाही विचारा. पावती मात्र 30,000 चीच मिळते आणि उरलेली रक्कम रोख जाते, त्यामुळे तक्रार करायला पुरावाच उरत नाही. कित्येकांना टुरिस्ट व्हिसावर पाठवून ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ असे सांगितले जाते. ते व्यापार कराराच्या कोणत्याही प्रकरणात बसणार नाहीत, कारण कागदोपत्री ते कामगारच नसतात.

सनदी_लेखापाल_बेलापूर

यात एका आकड्याची भर घालतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार परदेशातून येणाऱ्या पैशात अमिरातीचा वाटा 2016-17 मध्ये 26.9 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 19.2 टक्क्यांवर आला आणि अमेरिका पुढे गेली. त्याच पाहणीत महाराष्ट्र 20.5 टक्क्यांसह केरळच्याही वर आहे. हा पैसा प्रामुख्याने मजुरांचा नसणार, हे उघड आहे. तेव्हा वाटाघाटीच्या टेबलावर मजुराचे वजन दर वर्षी घटत जाणार आहे. मागायचे ते लवकर मागावे, या अर्थाने मी धागालेखकांच्या थोडा जवळ सरकलो आहे.

पारसिककर

कौसा_लोकल यांचे म्हणणे मान्य आहे, पण त्यामुळे माझी मागणी रद्द होत नाही. भरतीची बाजू आपल्या संसदेच्या हातात आहे, ग्रॅच्युइटीची बाजू नाही. फळबाजार यांनी दाखवलेली उणीवही खरी आहे. म्हणून मागणी नेमकी करतो. प्रकरण मोघम नको. थकलेले वेतन आणि ग्रॅच्युइटी हे दोनच विषय घ्यावेत, आणि परत आलेल्या कामगाराला इथून, परदेशी नोकरीला जाणाऱ्यांना मंजुरी देणाऱ्या मुंबईतल्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयातून, तिथल्या मंत्रालयाकडे दावा दाखल करता यावा.

कौसा_लोकल

त्या कार्यालयाच्या दप्तरी ज्याची नोंदच नाही, त्याचा दावा ते कोणत्या आधारावर पुढे पाठवणार? 1983 चा कायदा बदलण्यासाठी 2021 मध्ये मसुदा आला आणि तसाच राहिला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये दुसरा मसुदा हरकती-सूचनांसाठी ठेवला गेला. आधी त्यात दहावीची अट काढून प्रत्येक जाणाऱ्याची नोंद सक्तीची करून घ्या. मग तुमच्या दोन विषयांसाठी सही करायला मी पहिला येईन.