लपवण्यासारखं काही नसेल, तर पाळतीची भीती कशाला?

प्रश्न: दादा म्हणतो, "आपण सरळमार्गी. सरकारने फोनच्या नोंदी ठेवल्या तर बिघडलं काय?" पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. परवा एका मोर्चाची माहिती शोधताना बोट अडलं, अर्धं टाइप केलेलं खोडून टाकलं.

उत्तर: ते अडलेलं बोट हेच उत्तर. कुणी पकडायला आलं नाही, तरी तुम्ही गप्प झालात.

उत्तर: २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने गुप्त कागदपत्रं फोडली, त्यातून कळलं, अमेरिकेत कोट्यवधी कॉलच्या नोंदी गोळा होत होत्या. बोलणं नाही, कुणी, कुणाला, कधी, किती वेळ. पण रात्री दोनला आधी वकिलाला, मग पत्रकाराला फोन गेला, तर ऐकायचं काय उरतं? तिथल्या एका अपील न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं ते २०१५ मध्ये. दोन वर्षं गेली!

प्रश्नकर्ती: वकील-पत्रकाराचं दादाला आजच सांगते.